पूर्वापरसंगति आणि कल्पभेद

श्रावणांतील पोथी ऐकतांना लहानपणीं जो प्रश्न सहज ओठावर येतो आणि मोठेपणीं जो विचारण्याची लाज वाटते, अशा एका प्रश्नाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे योजिलें आहे. आमचें हिवरखेड हें अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें गांव. आमच्या घराच्या ओसरीवर माझे आबाजी श्रावणभर पोथी वाचीत. एके वर्षीं गणपतीच्या जन्माची कथा निघाली. शंकरांनीं क्रोधाच्या भरांत बालकाचें मस्तक उडविलें आणि मग हत्तीचें मस्तक आणवून तेथें बसविलें, अशी ती कथा. मीं मात्र मागल्याच वर्षीं दुसऱ्या एका पोथींत ऐकलें होतें कीं, शनीची दृष्टि पडतांच तें मस्तक गळून पडलें. मीं सरळ विचारलें, "आबाजी, खरं कोणतं?" आबाजींनीं पोथीवरची नजर न काढतां उत्तर दिलें, "बापू, दोन्ही खरं. थो कल्प येगळा, हा कल्प येगळा." ओसरीवरील मंडळींचें समाधान झालें; माझें झालें नाहीं.

पुढें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवूं लागल्यावर एकदां मूळ ग्रंथ उघडून पाहिले, तेव्हां कळलें कीं आबाजींचें उत्तर वेळ मारून नेणारें नव्हतें. शनीच्या दृष्टीची कथा ब्रह्मवैवर्तपुराणांत आहे. शिवपुराणाच्या रुद्रसंहितेंतील कुमारखंडांत गणेशजन्माची कथा सांगण्यास आरंभ करतांना ब्रह्मदेव नारदास प्रथमच बजावितो कीं, ही कथा कल्पभेदानें निरनिराळ्या प्रकारें सांगतात; एका कल्पांत शनीच्या दृष्टीनें शिर तुटलें, परंतु मी आतां तुला श्वेतकल्पांतील कथा सांगतों. म्हणजे पुराणकारास विरोध दिसत नव्हता असें नाहीं. विरोध त्याला पुरता ठाऊक होता, आणि तो त्यानें झांकलाही नाहीं. तुलसीदासांनींही रामचरितमानसाच्या बालकांडांत रामकथांच्या वैचित्र्याची हीच उपपत्ति दिली आहे. योगवासिष्ठांतील भुशुंड नांवाचा चिरंजीव कावळा तर याहून मौजेचा. तो मेरूवरील कल्पवृक्षावर बसून युगें येतांना व जातांना पाहतो, आणि भेटीस आलेल्या वसिष्ठांना शांतपणें सांगतो कीं, महाराज, हा आपला आठवा जन्म आहे. मागले सात मला आठवतात. सृष्टि पुन्हा पुन्हा नव्यानें मांडली जाते, परंतु ती मोडल्याचें स्मरण ठेवणारा कोणी तरी असतोच, ही त्या कथेंतील खरी मर्माची गोष्ट आहे.

हें सारें आज आठवण्याचें कारण वाचकांस कदाचित् क्षुल्लक वाटेल. गेल्या दिवाळींत माझा भाचा पुण्याहून हिवरखेडास आला, तो येतांना इंग्रजी चित्रकथांचा एक गठ्ठा घेऊन आला. त्यांत अमेरिकेंतील 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' या अतिमानवांच्या संघाचे निरनिराळ्या काळचे अंक व संग्रह होते. दोन दिवस ते वाचून झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, हा संघ चार ठिकाणीं चार तऱ्हांनीं स्थापन झाला आहे. यांतलं खरं कोणतं?" चाळीस वर्षांपूर्वींचा माझाच प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला. 'कल्प येगळा' एवढें म्हणून मी सुटलों असतों. पण तसें न करितां मीं तो गठ्ठा स्वतः वाचून काढला. जें आढळलें तें एखाद्या घराण्याच्या बखरींइतकेंच विचार करावयास लावणारें वाटलें.

या संघाचा उगम फार साधा आहे. १९५८ च्या एप्रिल महिन्याच्या 'ॲडव्हेंचर कॉमिक्स' या नियतकालिकाच्या २४७ व्या अंकांत ऑटो बाइंडर हा लेखक व अल प्लास्टिनो हा चित्रकार यांनीं एक लहानशी गोष्ट दिली. तिचा नायक सुपरबॉय, म्हणजे प्रसिद्ध सुपरमॅनचें किशोररूप. त्याच्याकडे एक हजार वर्षांनंतरच्या काळांतून तीन मुलें येतात. तुझ्या कीर्तीपासून स्फूर्ति घेऊन आम्हीं तुझ्यासारख्यांचा एक संघ काढला आहे, त्यांत तूंही ये, असें तीं म्हणतात. गोष्ट वाचकांस आवडली, संघ वाढत गेला, आणि थोड्याच वर्षांत त्याचें स्वतंत्र विश्व उभें राहिलें. १९६६ सालीं जिम शूटर नांवाचा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगा त्याच्या कथा लिहूं लागला. संघाचा नायक कोण व्हावा याविषयीं वाचकांकडून मतें मागविण्यांत येत. १९६७ मध्यें फेरो लॅड या सभासदाचा मृत्यु दाखविण्यांत आला, आणि तो परत आला नाहीं. ज्या वाङ्मयांत कोणीच मरत नसे, तेथें एक जण खरोखर मेला. वाचकांनीं त्याचा शोक केला. कारण या संघाच्या विश्वांत जें घडतें तें घडलेंच, असा त्यांचा विश्वास बसला होता. पूर्वापरसंगति म्हणतात ती हीच. लेखकानें वाचकास दिलेलें तें एक न लिहिलेलें वचन असतें.

हें वचन मोडण्याचा प्रसंग एका सद्धेतूंतून आला. प्रकाशनसंस्थेच्या निरनिराळ्या मालिकांत कालांतरानें अनेक पृथ्व्या निर्माण झाल्या होत्या. एका पृथ्वीवर जुने वीर, दुसरीवर नवे. हा पसारा नव्या वाचकास दुर्बोध होतो, या विचारानें १९८५–८६ मध्यें मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांनीं बारा अंकांची एक महाकथा रचून साऱ्या पृथ्व्या एकींत विलीन केल्या. पाठोपाठ १९८६ मध्यें जॉन बर्न यानें सुपरमॅनचें चरित्र पहिल्यापासून नव्यानें लिहिलें. त्यांत सुपरमॅनला सामर्थ्य आलें तें हळूहळू, आणि तो लोकांपुढें वीर म्हणून आला तो मोठेपणींच. सुपरबॉय म्हणून तो कधीं नव्हताच, असें ठरलें. त्या एका चरित्रापुरतें पाहिलें तर ही सुधारणा चांगलीच होती.

परंतु इकडे तिसाव्या शतकांतील संघ तसाच चालू होता, आणि त्याच्या स्थापनेचें कारण मुळांतून नाहींसें झालें होतें! ज्याच्या कीर्तीनें स्फूर्ति दिली तो मुलगा जन्मलाच नाहीं, आणि स्फूर्ति मात्र शिल्लक आहे. झाडाचें मूळ उपटून टाकावें आणि फांद्यांनीं फळें धरीत राहावें, अशी ही स्थिति. मग मलमपट्ट्या सुरू झाल्या. १९८७ मध्यें पॉल लेविट्झ या लेखकाच्या काळांत असा खुलासा झाला कीं, काळावर सत्ता चालविणाऱ्या एका खलपुरुषानें एक लहानसें बनावट विश्व निर्माण केलें होतें, आणि संघास भेटलेला सुपरबॉय त्या विश्वांतला होता. खुलासा देतांना त्या बिचाऱ्यास मारूनही टाकण्यांत आलें. १९८९ मध्यें कीथ गिफेन व त्याचे सहकारी यांच्या हातीं मालिका आल्यावर तो बनावट सुपरबॉयही नको झाला, आणि त्याची जागा दुसऱ्याच एका वीरास देण्यांत आली. प्रत्येक खुलाशानें एक विरोध मिटे व त्यांतून आणखी दोन उत्पन्न होत. अखेर १९९४ मध्यें जुना संघ कालप्रवाहांत विरून गेला, आणि पहिल्या दिवसापासून नवा संघ सुरू झाला. दहा वर्षांनीं, २००४ च्या अखेरीस, मार्क वेड व बॅरी किट्सन यांनीं तोही बाजूस सारून तिसरा संघ आरंभिला. पुढें २००७ पासून पहिल्यासारखाच दिसणारा एक संघ परत आला. २०११ मध्यें त्या प्रकाशनसंस्थेनें एकदम बावन्न मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या, आणि २०१९ मध्यें ब्रायन मायकेल बेंडिस यानें या संघाची मांडणी पुन्हा एकदां नव्यानें केली.

एवढा घोळ होण्याचीं कारणें शोधूं गेल्यास तीं कोणा एका लेखकाच्या निष्काळजीपणांत सांपडत नाहींत. पहिलें कारण असें कीं, या कथांना शेवट नाहीं. कादंबरी संपते, नाटकाचा पडदा पडतो. पण ही मालिका दरमहा निघालीच पाहिजे. त्यामुळें काळ पुढें सरकतो आणि नायकाचें वय तेथेंच राहतें, व या दोहोंमधील अंतर वर्षागणिक वाढत जातें. दुसरें कारण, लेखक बदलतात. पात्रें संस्थेच्या मालकीचीं असल्यामुळें एकानें मांडलेला संसार दुसरा चालवितो आणि तिसरा मोडतो. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें आहे. एका मालिकेंतील घटनेचें कारण दुसऱ्या मालिकेंत असतें, आणि त्या दोन मालिका दोन निराळ्या संपादकांच्या हातीं असतात. ज्यानें सुपरबॉय रद्द केला त्यास संघाची काळजी वाहावयाची नव्हती. ज्यास संघाची काळजी होती त्यास सुपरबॉय राखण्याचा अधिकार नव्हता. भाऊबंदकींत एकानें आपल्या वांट्याची भिंत पाडावी आणि शेजारच्या वांट्याचें आढें खालीं यावें, हा अनुभव आमच्या खेड्यांत नवा नाहीं.

येथें पुराणांचा कल्पभेद आणि या चित्रकथांचा पुनरारंभ यांतील फरक ध्यानांत येतो. वरवर पाहतां दोन्ही एकच युक्ति दिसते. पण कल्पभेदानें कथा वाढते. जुन्या कथेच्या शेजारीं नवी येऊन बसते, आणि ऐकणारा दोन्ही जवळ बाळगतो. पुनरारंभ मात्र जुन्या कथेस 'तूं घडलीच नाहींस' असें सांगतो. एकांत बेरीज आहे, दुसऱ्यांत वजाबाकी. १९८५–८६ च्या त्या महाकथेच्या शेवटीं मोडलेल्या पृथ्व्यांचें स्मरण एका पात्रास राहतें, आणि लेखकांनीं त्यास वेड्यांच्या इस्पितळांत बांधून ठेवलेलें दाखविलें आहे. भुशुंडास सात मोडलेल्या सृष्टि आठवतात म्हणून वसिष्ठासारखा ऋषि त्याच्या दर्शनास जातो. येथें एक सृष्टि आठवली म्हणून मनुष्य वेडा ठरतो! जुना वाचक याच पात्राच्या जागीं असतो. फेरो लॅडसाठीं जो रडला, त्यास पुढें कोणी तरी सांगतो कीं तूं ज्यासाठीं रडलास तें घडलें नव्हतें.

आपल्याकडे असें मुकाट्यानें केलेलें फेरफार घडले नाहींत असें नाहीं. माझ्या पिढीच्या मुलांनीं 'इंद्रजाल कॉमिक्स' मधील वेताळाच्या गोष्टी अधाशासारख्या वाचल्या आहेत. ही माला १९६४ मध्यें मुंबईस टाइम्स ऑफ इंडियानें सुरू केली. ती मराठींतही निघे. वेताळाचें अरण्य डेंकाली देशांत आहे, हें आम्हांस भूगोलाइतकें पाठ होतें. पुढें कळलें कीं, ली फॉक यानें १९३६ मध्यें निर्माण केलेल्या मूळ कथेंत त्या प्रदेशाचें नांव बंगालशीं मिळतें-जुळतें होतें, आणि येथील वाचकांस तें खटकूं नये म्हणून भारतीय आवृत्तींत तें बदलण्यांत आलें. बदल गैर नव्हता. कदाचित् आवश्यकच होता. परंतु बदल झाला आहे एवढें तरी आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं, म्हणून मूळ वाचणारा व भाषांतर वाचणारा हे दोघे पुढें भेटले कीं एकमेकांस खोटें ठरवीत.

मग विरोधी कथांचें करावें तरी काय? कल्पभेद निवड करीत नाहीं. पुनरारंभ निवड करून बाकीचें पुसतो. याहून निराळा तिसरा मार्ग आहे, आणि तो दाखविणारा ग्रंथ आमच्या वऱ्हाडांतच झाला, ही गोष्ट मला भाच्यास सांगतां आली.

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी एकत्र केल्या, तेंच लीळाचरित्र. ज्यांनीं स्वामींना पाहिलें होतें अशांकडे जाऊन म्हाइंभटांनीं लीळा मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं, यादवांचें राज्य मोडकळीस आलें त्या धामधुमींत, मूळ पोथी नष्ट झाली, असें महानुभावांची परंपरा सांगते. पंथापुढें तेव्हां जो प्रश्न उभा राहिला तो चित्रकथांच्या संपादकांपुढील प्रश्नाहून कितीतरी कठीण होता. येथें करमणुकीची गोष्ट नव्हती; प्रत्यक्ष परमेश्वराचे शब्द व कृति होत्या. ग्रंथ पुन्हा पहिल्यापासून उभा करावयाचा होता, आणि साधन होतें केवळ माणसांचें स्मरण. हिराइसेस तो मुखोद्गत होता म्हणतात. परशरामबास, रामेश्वरबास इत्यादिकांनींही आपापल्या परीनें तो जुळविला. साहजिकच हीं स्मरणें सर्वत्र सारखीं जुळेनात. एकाच्या आठवणींत जी लीळा एका गांवीं घडली, ती दुसऱ्याच्या आठवणींत दुसऱ्या गांवीं.

अशा वेळीं एक पाठ प्रमाण ठरवून बाकीचे बुडविणें सोपें होतें. 'कल्प निराळा' असें म्हणणें तर अशक्यच होतें, कारण स्वामी याच गोदातीरीं, याच वऱ्हाडांत, लोकांच्या डोळ्यांदेखत वावरले होते. घटना एकच होती, स्मरणें अनेक होतीं. पंथानें काय केलें? एक पाठ लिहिला, आणि जेथें दुसऱ्याचें स्मरण निराळें होतें तेथें तें त्याच्या नांवानिशीं नोंदून ठेविलें. अशा भिन्न आठवणीस महानुभावांच्या परिभाषेंत 'वासना' असा शब्द आहे. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी. पुढें शोध घेतल्यावर जें आढळलें तेंही वेगळें दाखविलेलें. सात शतकांपूर्वीं, सांकेतिक लिपींत लिहिलेल्या पोथ्यांतून, आमच्या लोकांनीं पाठभेदांची ही शिस्त पाळली. विसाव्या शतकांत हें वाङ्मय बाहेर आल्यावर ह. ना. नेने यांनीं १९३६–३७ च्या सुमारास नागपुरास, आणि वि. भि. कोलते यांनीं १९७८ मध्यें, लीळाचरित्राचें संपादन केलें. त्यांना निरनिराळे पाठ ताडून पाहतां आले, याचें एक कारण जुन्या लेखकांनीं विरोध पुसून टाकले नव्हते हेंच होय.

यावर कोणी म्हणेल कीं, धर्मग्रंथाची तुला मुलांच्या चित्रकथेशीं कशाला? एकांत सत्य शोधावयाचें आहे, दुसऱ्यांत मौज. हा आक्षेप खरा आहे, आणि मीं तुलना केली ती या दोन वाङ्मयांची योग्यता सारखी मानून नव्हे. कल्पित कथेच्या कर्त्यास तिचें स्वरूप बदलण्याचा अधिकार आहे. नव्या वाचकास घरांत शिरावयास दार पाहिजे. तीस वर्षांचे अंक वाचल्याशिवाय गोष्ट कळूं नये, हा जुन्या वाचकांचा हट्टही शहाणपणाचा नव्हे. प्रश्न बदलण्याचा नाहीं, बदल सांगण्याचा आहे. आणि तो सांगतां येतो, याचें उदाहरण याच संघाच्या इतिहासांत आहे. २००८–०९ मध्यें जेफ जॉन्स व जॉर्ज पेरेझ यांनीं पांच अंकांच्या एका कथेंत मूळचा, १९९४ चा व २००४ चा असे तिन्ही संघ एकत्र आणले. त्यांपैकीं कोणासही खोटें ठरविलें नाहीं. प्रत्येकास आपलें विश्व व आपला मान दिला. ज्या पेरेझनें १९८५ मध्यें साऱ्या पृथ्व्या एकींत ओतण्याचें चित्र काढलें, त्याच्याच कुंचल्यानें तेवीस वर्षांनीं त्यांना पुन्हा वेगळें उभें केलें, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. वजाबाकीनें जें साधलें नाहीं तें बेरजेनें साधलें.

आणि चित्रकथेपुरतीच ही गोष्ट असती तर ती या मासिकांत मांडण्याचें धाडस मीं केलें नसतें. प्रत्येक पिढी आपल्या पूर्वजांचा इतिहास नव्यानें लिहिते. तो लिहिलाच पाहिजे, कारण नवे कागद सांपडतात, नवी दृष्टि येते. परंतु इतिहासाची नवी आवृत्ति काढतांना जुनी आवृत्ति कधीं नव्हतीच असें भासविलें, तर तिच्यावर ज्यांचें मन घडलें त्या माणसांना आपण वेड्यांच्या पंक्तीस बसवितों. आणि पुढच्या पिढीकडून आपलीही तीच गत होण्याची तजवीज करून ठेवतों. ज्यानें मागल्याचें नांव खोडलें, त्याचें नांव राखण्यास पुढला बांधलेला नाहीं. म्हाइंभटांच्या मागून आलेल्यांनीं ही गोष्ट ओळखली होती. आपल्या स्मरणाविषयीं निष्ठा आणि दुसऱ्याच्या स्मरणाविषयीं आदर हीं दोन्ही एकाच पानावर राहूं शकतात, हें त्यांनीं दाखवून दिलें.

आबाजींच्या उत्तरानें त्या श्रावणांत माझें समाधान कां झालें नाहीं, हें मला आतां समजतें. त्यांचें उत्तर देवांच्या कथेस पुरेसें होतें. मला हवें होतें तें एवढेंच कीं, ही कथा कोणी सांगितली आणि ती कोणी. भाच्यासही मीं तेंच सांगितलें: खरें कोणतें हें एकदम विचारूं नकोस, हा पाठ कोणाचा, तें आधीं विचार. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानें त्या गठ्ठ्याच्या वेगळ्या जुड्या केल्या, त्यांस सुतळी बांधली, आणि प्रत्येकीवर एकेक चिठ्ठी लावली. संध्याकाळीं मीं पाहिलें तों त्या चिठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत लिहिलें होतें: लेविट्झपाठ, गिफेनपाठ, वेडपाठ. खालीं सालें होतीं. एकही अंक त्यानें टाकून दिला नव्हता.